हाडाच्या पेशी, पुनर्रचना आणि फ्रॅक्चर : एका शैक्षणिक प्रतिकृती-संचाचे परीक्षण

केवळ सांगाडा पाहून हाड शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनात हाड म्हणजे कोरडी, पांढरी आणि एकदाच कायमची घडलेली वस्तू अशी समजूत बसते, आणि पुढे फ्रॅक्चर शिकताना ती समजूत पावलोपावली आड येते. तुटलेले हाड जुळते कसे, काही हाडे न पडता-झडता का मोडतात, मुलांचे हाड वाकडे जुळले तरी पुढे सरळ कसे होते, या प्रश्नांची उत्तरे हाडाच्या आकारात सापडत नाहीत. ती त्यातील पेशींत आहेत. वैद्यकीय, परिचर्या आणि भौतिकोपचार शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या ज्या संचाचे हे परीक्षण आहे, त्याने पेशींपासून फ्रॅक्चरपर्यंतचा सगळा प्रवास एकाच पेटीत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. संचात हाडाचा मोठा केलेला ठोकळा, पुनर्रचनेचा बोगदा दाखवणारी प्रतिकृती, मोडलेल्या हाडांचा ट्रे, जोड धरण्याच्या चार पायऱ्या, काचपट्ट्यांची छोटी पेटी आणि एक पुस्तिका आहे. माझे मत आधीच सांगतो: बोगद्याची प्रतिकृती असामान्य आहे, काचपट्ट्या उत्तम आहेत, ठोकळा चांगला आहे, आणि फ्रॅक्चरचा ट्रे मात्र त्याच पेटीत शोभावा इतका विचारपूर्वक केलेला नाही.

ठोकळा मूळ हाडाच्या ऐंशीपट मोठा आहे. खऱ्या हाडातील एक ऑस्टिऑन, म्हणजे घट्ट हाडाचा नळीसारखा मूळ घटक, जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीचा असतो, तो येथे बोटाएवढा दिसतो, आणि त्यामुळे मधली हॅवर्स नलिका, तिच्यातील रक्तवाहिन्या आणि भोवतीचे एकात एक बसलेले थर हात लावून मोजता येतात. सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येक थरातील कोलॅजन तंतूंची दिशा शेजारच्या थरापेक्षा वेगळी कोरलेली आहे. हाडाचा चिवटपणा समजण्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण एका थरात निघालेली बारीक भेग पुढच्या थराशी पोहोचली की तिची वाट बदलते आणि तिची शक्ती खर्च होते. हाडाच्या वजनाचा सुमारे 60 ते 70 टक्के भाग खनिजाचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा असतो. उरलेल्यात पाणी आणि सेंद्रिय भाग येतो, आणि त्या सेंद्रिय भागात जवळजवळ 90 टक्के पहिल्या प्रकारचे कोलॅजन असते. खनिजाने कडकपणा येतो आणि कोलॅजनने लवचीकपणा. ठोकळ्याच्या आतल्या बाजूला जाळीदार हाडाच्या पट्ट्या दाखवल्या आहेत आणि त्यांत हॅवर्स नलिका मुद्दाम दाखवलेल्या नाहीत, हेही बरोबर आहे. त्या पट्ट्या इतक्या पातळ असतात की त्यांतील पेशींचे पोषण पृष्ठभागावरूनच होते.

ठोकळ्यात एक उणीव मला खटकली. ऑस्टिओसाइट पेशी केवळ काळ्या ठिपक्यांसारख्या रंगवल्या आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या सूक्ष्मनलिका फक्त दोन ऑस्टिऑनमध्ये दाखवल्या आहेत. प्रौढ माणसाच्या हाडातील पेशींपैकी 90 टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट असतात आणि त्या कित्येक वर्षे, काही तर दशकानुदशके जगतात. हाड बनवता बनवता स्वतःच त्या हाडात गाडल्या गेलेल्या या ऑस्टिओब्लास्ट पेशी आहेत. त्यांच्या लांब फांद्या सूक्ष्मनलिकांमधून एकमेकींना भिडतात आणि हाडावर भार पडला की त्या नलिकांतील द्रव हलतो, ते हलणे या पेशींना जाणवते. भार कमी झाला तर त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन अधिक सोडतात आणि नवे हाड तयार होण्याला आळा बसतो. भार वाढला तर स्क्लेरोस्टिन घटते. 1892 साली युलियस वोल्फ यांनी हाडाची रचना त्यावरील भाराप्रमाणे बदलते असा नियम मांडला, त्यामागची पेशीपातळीवरील यंत्रणा प्रामुख्याने हीच आहे. ज्या पेशी हाडाचा सगळा कारभार पाहतात त्यांना ठिपक्यांवर आणून ठेवणे हा या संचाच्या कर्त्यांचा चुकीचा निर्णय वाटतो, आणि शिकवणाऱ्याने ही उणीव फळ्यावर आकृती काढून भरून काढावी.

आता बोगद्याविषयी. घट्ट हाडात पुनर्रचना, म्हणजे जुने हाड काढून त्या जागी नवे भरणे, होते ती पेशींच्या एका छोट्या चमूकडून. हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी या चमूला मूलभूत बहुपेशीय घटक असे स्वतंत्र स्थान दिले आणि तिथून हाडाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पुढच्या टोकाला सुमारे दहा ऑस्टिओक्लास्ट हाड पोखरत जातात, त्यांच्या मागे रक्तवाहिनी वाढत येते, आणि त्यामागे हजारो ऑस्टिओब्लास्ट बोगद्याच्या भिंतीवर थरावर थर चढवत तो आतून भरत आणतात, शेवटी मधोमध रक्तवाहिनीपुरती जागा उरते. तीच नव्या ऑस्टिऑनची हॅवर्स नलिका. प्रतिकृती बोगद्याच्या लांबीत उभी कापलेली आहे, त्यामुळे डावीकडून उजवीकडे पाहत गेले की एकाच जागी काही महिन्यांत काय काय घडते ते एकाच नजरेत दिसते. पोखरणारे टोक दिवसाला 20 ते 40 मायक्रोमीटर पुढे सरकते. एखाद्या ठिकाणचे पोखरण दोन-चार आठवड्यांत आटोपते, पण भरून यायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. हा फरक विद्यार्थ्याने लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढे येणाऱ्या अनेक आजारांचे मूळ त्यातच आहे. प्रतिकृतीत पोखरणारे टोक आखूड आणि भरणारा भाग लांब दाखवला आहे, त्यामुळे हा फरक शब्दांत न सांगताही समजतो.

ऑस्टिओक्लास्ट पेशीची एक वेगळी, सुटी होणारी प्रतिकृती बोगद्यासोबत आहे आणि तिच्यावर कर्त्यांनी घेतलेली मेहनत दिसून येते. अनेक केंद्रके असलेली ही पेशी रक्तपेशींच्याच कुळातील, मोनोसाइटच्या घराण्यातली असते, तर ऑस्टिओब्लास्ट पूर्णपणे वेगळ्या, मध्यजनस्तरीय मूळपेशींपासून बनते. पेशीच्या खालच्या बाजूचा घड्याघड्यांचा काठ, त्याच्या कडेने हाडाला घट्ट चिकटलेले वर्तुळ आणि त्या वर्तुळात बंदिस्त झालेली जागा, हे सगळे येथे बोटाने दाखवता येते. त्या बंदिस्त जागेत पेशी हायड्रोजन आयन सोडते, तेथील आम्लता सामू 4.5 च्या आसपास जाते, खनिज विरघळते आणि उघड्या पडलेल्या कोलॅजनला कॅथेप्सिन के हे विकर तोडते. मागे राहते ती हाऊशिपची खाच. आधी खनिज आणि मग कोलॅजन हा क्रम प्रतिकृतीत रंगाच्या दोन छटांनी दाखवला आहे. इतक्या बारकाईने हे दाखवणारी दुसरी शैक्षणिक प्रतिकृती मी पाहिलेली नाही.

या भागाविषयी दोन तक्रारी आहेत. पहिली प्रमाणाची: खऱ्या बोगद्याचा भरणारा भाग काही मिलिमीटर लांब आणि जाडीच्या अनेक पट असतो, तो टेबलावर मावावा म्हणून बराच आखडून घेतला आहे. हे क्षम्य आहे, पण पुस्तिकेत तसे नमूद करायला हवे होते. दुसरी तक्रार गंभीर आहे. ऑस्टिओक्लास्ट लाल आणि ऑस्टिओब्लास्ट हिरव्या रंगात आहेत, आणि पुस्तिकेत एकीला नाश करणारी व दुसरीला बांधणारी म्हटले आहे. वाचणाऱ्याला वाटावे की पहिली पेशी नसती तर हाडे अधिक मजबूत झाली असती. वस्तुस्थिती उलट आहे. 1904 साली आल्बर्स-शोनबर्ग यांनी वर्णन केलेल्या ऑस्टिओपेट्रोसिस या आजारात ऑस्टिओक्लास्ट काम करीत नाहीत, एक्स-रेवर हाडे दगडासारखी दाट दिसतात, आणि तरीही ती सहज मोडतात, कारण जुने, भेगाळलेले हाड काढून टाकणारे कोणी उरत नाही. मज्जेची जागाही आक्रसते. शिवाय या दोन पेशी एकमेकींशी सतत बोलत असतात. ऑस्टिओब्लास्टच्या घराण्यातील पेशी आणि विशेषतः ऑस्टिओसाइट रँक-लिगँड हे प्रथिन तयार करतात, ते ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वज पेशींवरील रँक या ग्राहकाला जाऊन बसले की त्या परिपक्व होतात. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन मधल्या मध्ये रँक-लिगँडला अडवते. ही साखळी 1990 च्या दशकाच्या अखेरीस उलगडली आणि तिच्यावर बेतलेले डेनोसुमॅब हे औषध 2010 पासून वापरात आहे. पुस्तिकेत या साखळीला जेमतेम अर्धे पान दिले आहे.

प्रौढाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने बनतो. जाळीदार हाडाचे वजन एकूण हाडाच्या पाचव्या हिश्श्याइतकेच असले तरी त्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ही उलाढाल तेथे कितीतरी वेगाने होते, म्हणूनच रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटून पोखरणे भरण्याच्या पुढे गेले की त्याचा फटका आधी मणके आणि मनगट यांसारख्या जाळीदार हाड जास्त असलेल्या जागांना बसतो. पुस्तिकेतील हे प्रकरण नेमके आणि वाचनीय आहे.

फ्रॅक्चरचा ट्रे उघडल्यावर मात्र निराशा होते. त्यात आडवे, तिरके, पिळवटलेले, चुरा झालेले, दोन जागी मोडून मधला तुकडा सुटा झालेले, ओल्या फांदीसारखे अर्धवट मोडलेले, कंडरेने ओढून तुकडा निघालेले, दबलेल्या मणक्याचे आणि उघड्या जखमेचे असे नऊ नमुने आहेत. यादी म्हणून ती ठीक आहे, पण मणका आणि कंडरेचा नमुना सोडला तर सर्व नमुने मांडीच्या प्रौढ हाडावर, मध्यभागी आणि एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. अर्धवट मोडणारे फ्रॅक्चर हे मुलांचे असते. मुलांच्या हाडात खनिजाचे प्रमाण तुलनेने कमी आणि वरचे आवरण जाड असते, म्हणून ताणाच्या बाजूला हाड तुटते आणि दाबाच्या बाजूला फक्त वाकते, आणि ते बहुधा हाताच्या पुढच्या भागात आढळते. प्रौढाच्या मांडीच्या हाडावर ते दाखवल्याने विद्यार्थी आकार शिकतो आणि वय विसरतो.

दुसरा दोष मला याहून मोठा वाटतो. फ्रॅक्चरचा आकार हा हाडावर आलेल्या बलाची नोंद असतो, आणि हे बल ट्रेमध्ये कुठेच दिसत नाही. हाड दाबाला सर्वांत चांगले तोंड देते, ताणाला त्याहून कमी आणि सरकवणाऱ्या बलाला सर्वांत कमी. म्हणून हाड वाकवले की ते बहिर्गोल, म्हणजे ताणाच्या बाजूने फाटू लागते आणि भेग आडवी जाते. वाकण्याबरोबर दाबही असेल तर दाबाच्या बाजूला फुलपाखराच्या पंखासारखा त्रिकोणी तुकडा निघतो. हाड पिळले की भेग लांबीशी सुमारे 45 अंशांचा कोन करून गुंडाळत जाते आणि तिची दोन टोके जोडणारी एक उभी रेषही उमटते. या उभ्या रेषेवरून आणि लांब, टोकदार कडांवरून पिळवटलेले फ्रॅक्चर तिरक्या फ्रॅक्चरपासून ओळखता येते. ट्रेमधील पिळवटलेल्या नमुन्यात ही उभी रेषाच नाही, त्यामुळे तो आणि तिरका नमुना शेजारी ठेवले तर अनुभवी माणसालाही क्षणभर विचार करावा लागतो. चुरा झालेल्या नमुन्याविषयीही हेच म्हणता येईल: वेगाने येणाऱ्या आघातात हाड तुटण्याआधी अधिक ऊर्जा साठवते, ती तुटताना एकदम सुटते आणि हाडाचा चुरा करतानाच भोवतीचे स्नायू व त्वचाही जखमी करते. नुसते तुकडे पाहून हे कळत नाही. प्रत्येक नमुन्याखाली बलाची दिशा दाखवणारा एक बाण कोरला असता तरी ट्रेची उपयुक्तता कितीतरी वाढली असती.

उघड्या फ्रॅक्चरच्या नमुन्यासोबत 1976 चे गुस्टिलो आणि अँडरसन यांचे वर्गीकरण छापले आहे: 1 सेंटिमीटरपेक्षा लहान, स्वच्छ जखम असेल तर पहिला प्रकार, त्याहून मोठी पण मऊ ऊतींची फारशी हानी नसेल तर दुसरा, आणि मोठी हानी असेल तर तिसरा. हा प्रकार शस्त्रक्रियागृहात जखम साफ करून आत पाहिल्यावरच निश्चित करायचा असतो, ही अट मात्र वगळली आहे. बाहेरून लहान दिसणाऱ्या जखमेखाली स्नायूंची मोठी नासधूस असू शकते, म्हणून ही अट गाळण्याजोगी नाही.

ट्रेमध्ये जे नाही, ते पेशींच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे होते. वाढीच्या पट्टीतून, म्हणजे मुलांच्या हाडाच्या टोकाजवळील वाढणाऱ्या कूर्चेतून, जाणारे फ्रॅक्चर नाही, ज्याचे सॉल्टर आणि हॅरिस यांनी 1963 साली पाच प्रकार केले आणि ज्याच्यामुळे मुलाच्या हाडाची पुढची वाढ थांबू किंवा वाकडी होऊ शकते. कर्करोगाने किंवा अन्य आजाराने पोखरलेल्या हाडाचे फ्रॅक्चर नाही. आणि ताणाने हळूहळू होणारे फ्रॅक्चरही नाही, याचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी वैद्याने कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले होते. ती पावलाच्या हाडांची अशीच फ्रॅक्चर असल्याचे पुढे एक्स-रे आल्यावर उमगले. एकही मोठा आघात न होता हाड का मोडावे, याचे उत्तर बोगद्यात आहे. अचानक वाढलेल्या भाराने हाडात सूक्ष्म भेगा पडतात, त्या भेगांनी ऑस्टिओसाइटच्या फांद्या तुटतात, त्या पेशी मरतात आणि ऑस्टिओक्लास्टना तेथे बोलावणे जाते. पोखरणे आठवड्यांत होते आणि भरणे महिन्यांत, त्यामुळे मधल्या काळात हाड आधीपेक्षा अधिक सच्छिद्र असते. त्याच काळात भार तसाच चालू राहिला तर भेगा दुरुस्तीच्या पुढे जातात. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. ज्या संचाकडे इतकी उत्कृष्ट बोगद्याची प्रतिकृती आहे, त्यानेच हा धागा सोडून द्यावा हे समजण्यापलीकडचे आहे.

जोड धरण्याच्या चार पायऱ्या नडगीच्या हाडावर दाखवल्या आहेत आणि त्या पुष्कळ बऱ्या आहेत. पहिल्यात साकळलेले रक्त, दुसऱ्यात तंतू आणि कूर्चेचा मऊ कॅलस (भेग सांधणारी नवी ऊती), तिसऱ्यात विणलेल्या हाडाचा कठीण कॅलस आणि चौथ्यात पुनर्रचना झालेले हाड असा क्रम आहे. साकळलेले रक्त हा कचरा नसून पुढच्या सगळ्या पेशींना बोलावणाऱ्या संदेशांचे ते कोठार आहे, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे आणि ते मनापासून आवडले. मऊ कॅलस का लागतो, याचे स्टीफन पेरेन यांच्या विचारावर आधारलेले स्पष्टीकरणही चांगले जमले आहे: भेगेतील ऊती मूळ लांबीच्या किती प्रमाणात ताणल्या जातात त्यावर तेथे काय टिकेल हे ठरते, सुरुवातीची कणीदार ऊती 100 टक्क्यांपर्यंत ताण सोसते, कूर्चा सुमारे 10 टक्के, आणि पक्के थरदार हाड फक्त 2 टक्के. म्हणून प्रत्येक ऊती आपल्यापरीने जोड थोडा अधिक स्थिर करते आणि पुढच्या ऊतीला जागा करून देते. हे एकदा समजले की प्लास्टर किंवा रॉड लावल्यावर थोडी हालचाल राहिली तर कॅलस का धरतो आणि फार हालचाल राहिली तर जोड का धरत नाही, या दोन्ही प्रश्नांची उकल होते.

पण प्लेट आणि स्क्रूने दोन्ही टोके घट्ट दाबून बसवल्यावर कॅलस न बनता हाड थेट जुळते, तो प्रकार संचात नाही. तेथे तोच पुनर्रचनेचा बोगदा एका तुकड्यातून निघून भेगेची रेषा ओलांडतो आणि पलीकडच्या तुकड्यात शिरतो. बोगद्याच्या प्रतिकृतीवर मधोमध एक रेषा आखली असती तरी पुरे झाले असते. मी शिकवताना खडूने ती आखतो आणि विद्यार्थ्यांना ते लगेच समजते. चौथी पायरी पाहून काम संपले असे वाटते, तेही खरे नाही, कारण ही पुनर्रचना महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे चालते. वाढत्या वयात तिच्यामुळे वाकडेपणा बराच सुधारतो, पण स्वतःच्या अक्षाभोवती फिरून जुळलेले हाड सहसा आपोआप दुरुस्त होत नाही.

काचपट्ट्या मोजक्या आणि निर्दोष आहेत. घासून पातळ केलेल्या सुक्या हाडाच्या पट्ट्यांत खनिज शाबूत राहते, पेशींच्या पोकळ्या आणि सूक्ष्मनलिका हवेने भरून काळ्या उमटतात. आम्लाने खनिज काढून रंगवलेल्या पट्ट्यांत पेशी दिसतात पण नलिकांचे जाळे तितके खुलत नाही. दोन्ही प्रकार दिल्यामुळे ठोकळ्यातील ऑस्टिओसाइटची उणीव बरीचशी भरून निघते. एका पट्टीत जुन्या ऑस्टिऑनला छेदून गेलेला नवा ऑस्टिऑन आणि त्याच्या कडेची सीमा, म्हणजे सिमेंट रेषा, इतकी स्वच्छ दिसते की बोगद्याच्या प्रतिकृतीनंतर लगेच तीच पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी.

घडणीबाबत थोडक्यात. प्रतिकृती भक्कम आहेत, चुंबकाने जोडलेले भाग नीट बसतात, अंक कोरलेले असल्याने पुसले जात नाहीत. बोगद्यातील रक्तवाहिनी मात्र नाजूक आहे आणि अनेक हातांतून फिरल्यावर ती मुळाशी हलू लागते.

शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्यांनी ठोकळा, बोगदा आणि काचपट्ट्या निःशंकपणे घ्याव्यात. अस्थिरोग शिकवणाऱ्यांनी जोडाच्या चार पायऱ्या घ्याव्यात आणि फ्रॅक्चर शिकवण्यासाठी ट्रेऐवजी खऱ्या एक्स-रेंवर भर द्यावा. पुढच्या आवृत्तीत कर्त्यांनी एकच नमुना वाढवायचा ठरवला, तर तो मांडीच्या हाडाच्या अनियमित फ्रॅक्चरचा असावा. ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, ऑस्टिओक्लास्टना आवरणारी बिस्फॉस्फोनेट औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या थोड्या रुग्णांत ते होते: बाहेरच्या बाजूचे घट्ट हाड आधी जाड होते, तेथे आडवी भेग सुरू होते आणि किरकोळ पडण्याने, कधी त्याशिवायही, हाड चुरा न होता आडवे मोडते. ऑस्टिओक्लास्ट आवरल्यामुळे हाड टिकते आणि त्या रुग्णांपैकी कितीतरी अधिक जणांचे मणके व खुबे वाचतात. पण सूक्ष्म भेगा काढून टाकण्याचे कामही मंदावते, आणि या फ्रॅक्चरमागे ते एक कारण मानले जाते. हा नमुना बोगद्याशेजारी ठेवता येईल अशा आकारात, बाहेरच्या बाजूचे जाड झालेले हाड स्पष्ट दाखवून आणि भेगेची सुरुवात कोणत्या बाजूने झाली ते कोरून दिला, तर पेशी आणि फ्रॅक्चर हे दोन विषय शिकवणाऱ्याला एकाच तासात मांडता येतील.